हापूसची पेटी पोचते, पण आंबे खराब निघतात: डाग बघून दोष शोधा

एप्रिल उजाडला की हा फोन ठरलेला असतो. "पेटी मिळाली हो, घरभर वास सुटलाय. फक्त तळचे चार-पाच जरा..." वाक्य तिथेच थांबतं, कारण भेट आलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची? आपण ते मनातल्या मनात पुरं करतो: कुरिअरवाल्याने आपटली असणार. मग पुढच्या वर्षी कुरिअर बदलतो, खोका मोठा घेतो, पेंढा दुप्पट कोंबतो. आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तळचे चार-पाच जरा.

पार्सलं आपटली जातात, हे खरंच आहे. पण खराब निघालेल्या आंब्यांपैकी पुष्कळ आंबे आपल्या घरातून निघतानाच बिघडलेले असतात. हिरव्या सालीवर ते दिसत नाही इतकंच. कच्च्या हापूसला बसलेला मार, देठातून शिरलेली बुरशी, आतला साका (बाठ्याभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा होणं), हे सगळं पिकताना वर येतं, आणि आंबा पिकतो पाहुण्याच्या घरी. त्यामुळे बिघाड जिथे दिसला तिथेच झाला असं धरून चालत नाही. नशिबाने प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी असते.

तेव्हा संकोच सोडून फोटो मागवा. "बागायतदाराला दाखवायचेत" म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही. उघडल्या उघडल्या वरून दिसणारी पेटी, खराब आंबा बाहेरून आणि तोच आंबा उभा कापून. शिवाय विचारा: खराब निघाले ते कुठल्या थरातले, आणि पेटी उघडली त्या दिवशी तसे होते की नंतर झाले? एवढ्यावर निम्मं निदान होतं.

चपटा, मऊ डाग आणि खाली तपकिरी गर

ही सगळ्यात नेहमीची तक्रार. इथे डागापेक्षा डागाची जागा महत्त्वाची.

तळच्या थरातल्या आंब्यांच्या गालावर सपाट, मऊ भाग असेल तर तो वजनाचा दाब आहे. खोक्याच्या एका कोपऱ्यातले एक-दोनच आंबे ठेचलेले असतील तर खोका त्या कोपऱ्यावर पडलाय. आणि जवळजवळ सगळ्याच फळांवर खरचटल्यासारखे तपकिरी पट्टे असतील तर आंबे वाटभर एकमेकांवर घासत गेलेत, म्हणजे खोका ढिला भरला होता. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत आणि "अजून पेंढा घाला" हा त्यांतल्या फक्त शेवटच्याचा उपाय आहे.

दाबाचं गणित समजून घ्यायला हवं, कारण सगळे इथेच फसतात. जुनी लाकडी पेटी ट्रकसाठी होती. वर आणखी पेट्या रचल्या तरी वजन फळ्या पेलायच्या, आतल्या चार-पाच डझन आंब्यांना फक्त आपल्या वरच्या थरांचं ओझं. पुठ्ठ्याच्या खोक्यातही तसंच व्हायला हवं: वरच्या पार्सलांचं वजन खोक्याच्या चार भिंतींवर यावं, आंब्यांवर नाही. आपण मायेपोटी डझनाच्या खोक्यात तेरावा-चौदावा आंबा बसवतो, झाकण फुगतं, वरून टेप ओढून ते दाबतो. त्या क्षणी भिंतींचं काम संपलं. आता जे काही वर ठेवलं जाईल ते थेट फळांवर बसणार. म्हणजे भरलेला खोका कसा हवा? झाकण सपाट बसलं पाहिजे, आणि हलवला तर आत काही हलता कामा नये. दोन्ही एकाच वेळी.

पुठ्ठा पाच पदरी घ्या. किराणा दुकानातून आणलेला बिस्किटांचा खोका तीन पदरी असतो, त्यातून एकदा वापरलेला. त्यात आंबे पाठवणं म्हणजे पिशवीत पाठवण्यासारखंच. खोका पक्का आहे की नाही हे बघायची घरगुती पद्धत अशी: आंबे भरून, बंद करून त्यावर दहा किलोची तांदळाची गोणी रात्रभर ठेवा. सकाळी झाकण मधोमध बसलं असेल तर तो खोका परगावी पाठवू नका. पुठ्ठा ओलसर झाला की त्याची ताकद झपाट्याने कमी होते, म्हणून आंबे धुतले असतील तर सालीवर पाण्याचा थेंब उरता कामा नये. फ्रिजमधून किंवा एसीतून काढलेल्या आंब्यांवर दमट हवेत पाणी धरतं, तेही तेवढंच वाईट.

एका डझनाचा एकच थर सर्वांत बरा. दोन डझन पाठवायचे तर दोन थर, मध्ये पुठ्ठ्याची तकट. तीन थर नकोच. तीन डझन पाठवायचे असतील तर तीन खोके करा. पैसे थोडे जास्त पडतात, पण एक गहाळ झाला तरी दोन पोचतात.

काळेपणा देठापासून सुरू होऊन खाली उतरतो

हे दिसलं की कुरिअरला दोष देणं सोडून द्या. ही देठकूज आहे. देठ मुळापासून तुटला की तिथली उघडी जागा म्हणजे बुरशीला दार. बांबूने झोडपून किंवा फांदी हलवून पाडलेल्या आंब्यांत हे हमखास होतं, आणि वर जमिनीचा मार बसतो तो वेगळाच. म्हणून आंबा देठासकट काढायचा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' त्यासाठीच आहे: पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडतं.

काढताना देठ दोन-तीन सेंटीमीटर राहू द्या. भरायच्या आधी तो सेंटीमीटरभर ठेवून कापा, नाहीतर एका आंब्याचा देठ शेजाऱ्याच्या गालात घुसतो. कापला की लगेच खोक्यात नाही भरायचा. देठ खाली करून तासभर ठेवायचा. चीक निघून जातो.

चिकाचा डाग वेगळा ओळखू येतो. देठाजवळून निघालेला काळपट-तपकिरी ओघळ, भाजल्यासारखा, पण फक्त सालीवर. आत गर चांगला असतो. असा आंबा खायला उत्तम, फक्त भेट म्हणून दिसायला वाईट. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं तर ते सोलून खातात. नाही सांगितलं तर टाकून देतात. मी पाहिलंय, निव्वळ चिकाच्या डागासाठी चांगला पाव किलोचा आंबा कचऱ्यात जातो.

अंगभर काळे ठिपके, काही खोलगट

हा करपा. बुरशी मोहोराच्या आणि कोवळ्या फळाच्या काळातच, दव आणि अवेळी पावसाच्या ओलाव्यात आत शिरते आणि गप्प बसून राहते. फळ हिरवं असताना काही दिसत नाही. पिकायला लागलं की ठिपके उमटतात, कधी देठाकडून खाली अश्रूंच्या ओघळासारखी रांगच्या रांग. ज्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ढगाळ हवा आणि पाऊस झाला त्या वर्षी तुम्ही आंबे कापसात गुंडाळून पाठवलेत तरी हे होणार.

यावर बागायतदार आणि पॅकहाऊसवाले आंबे काढल्यावर ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात १० मिनिटं बुडवतात. देठकुजीलाही त्याचा फायदा होतो. पण तापमान सतत तेवढंच ठेवायला यंत्रणा लागते. दोन-चार अंश वर गेलं की साल भाजते, खाली राहिलं तर उपयोग नाही. घरच्या पातेल्यात, गॅसवर, बोट बुडवून अंदाज घेत हा प्रयोग करू नका. आंबे विकत घेऊन पाठवत असाल तर विक्रेत्यालाच विचारा की गरम पाण्याची प्रक्रिया केली आहे का.

वरून सोनेरी, आत पांढरट आणि आंबट

साका. हापूसचं हे जुनं दुखणं. बाहेरून आंबा निर्दोष, वास घमघमीत, आणि कापला की बाठ्याभोवती पांढरट-पिवळा, स्पंजासारखा, कधी पोकळी पडलेला गर. पाहुण्यांना वाटतं कच्चा काढून औषधाने पिकवला. तसं काही नसतं. साका फळ झाडावर असतानाच सुरू होतो. पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवलेल्या, आणि काढल्यावर उन्हात, तापलेल्या कातळावर पडून राहिलेल्या आंब्यात तो जास्त दिसतो. म्हणूनच सकाळी लवकर काढा, ताबडतोब सावलीत न्या, आणि पक्व, म्हणजे पूर्ण वाढलेला, पण अजून न पिकलेला असताना काढा.

बाहेरून साका ओळखायची खात्रीची रीत घरात कुणाकडे नाही. पाण्यात टाकून फार तर तयारी कळते: पक्व झालेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. साक्यासाठी त्याच कलमाचे, त्याच तोडीचे दोन-तीन आंबे आपल्याकडे ठेवून पिकवा आणि कापून बघा. पेटी तोपर्यंत गेलेली असली तरी पाहुण्यांना फोन करता येतो, आणि त्या कलमाचे पुढचे आंबे घरच्या आमरसाला ठेवता येतात.

ज्यांच्या घरी साक्यावरून एकदा नाराजी झाली आहे त्यांना मी हापूस पाठवायच्या फंदात पडत नाही. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेला 'रत्ना' साकामुक्त आहे, फळ मोठं, चवीला हापूसच्या जवळ जाणारं. केसरही सुरेख पोचतो. देवगड-रत्नागिरीकडची मंडळी हे वाचून नाक मुरडतील, मुरडू देत.

पिकतच नाही, नुसता सुरकुततो

कोवळा काढलाय. बाजारात लवकर आला की भाव चांगला, म्हणून मार्चच्या सुरुवातीला असे आंबे भरपूर येतात. विकत घेताना देठाकडचा भाग बघा. पक्व हापूसचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्याचा देठ उतरत्या टोकावर. रंग गडद हिरव्यावरून फिकट, पिवळसर हिरव्याकडे झुकलेला हवा. बागायतदार याला चौदा आणे तयार म्हणतात, सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे साधारण ८५ टक्के. लांब पाठवायला हाच टप्पा योग्य. तो घरातल्या हवेत आठवडा ते दहा दिवसांत पिकतो; वाटेत दोन-तीन दिवस गेले तरी पाहुण्यांच्या हातात कडक आंबाच पडतो.

न पिकण्याचं दुसरं कारण आपल्या हाताबाहेरचं वाटतं, पण नाही. पेटी पोचली, घरात सगळे नोकरीवर, कुणीतरी "खराब होतील" म्हणून कच्चे आंबेच फ्रिजमध्ये ठेवले. हापूस उष्ण हवेतलं फळ. कच्चं असताना १२-१३ अंशांच्या खाली गेलं की त्याला थंडी बाधते: साल राखाडी पडते, खळगे येतात, बाहेर काढल्यावरही नीट पिकत नाही आणि चव पाणचट लागते. हे टाळायचा उपाय खाली निरोपात दिलाय.

तिसरं कारण उष्णता. खासगी बसच्या डिकीत इंजिनाशेजारी दुपारभर, किंवा उन्हात उभ्या गाडीत राहिलेली पेटी. असा आंबा आतून मऊ होतो आणि साल मात्र हिरवीच राहते. कापला तर किंचित आंबूस वास येतो. पेटी उघडल्याबरोबर सगळे आंबे कोमट लागले, असं पाहुणे म्हणाले तर हेच समजा. रात्रीची गाडी, सकाळी पोचणारी, हा त्यावरचा साधा इलाज.

चार पिकले, आठ हिरवेगार

हे खराब होणं नाही, पण तक्रार येतेच. आणि त्यातून खरी नासाडीही होते, कारण पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि शेजाऱ्यांनाही पिकवतो. मधला एक सडला की भोवतालचे तीन घेऊन जातो. एका खोक्यात एकाच तोडीचे, एकाच तयारीचे आंबे भरा. "दोन पिकलेले घालते, पोचल्या पोचल्या खाता येतील" हा मोह फार जणांना होतो. ते दोन आंबे प्रवासात फुटतात आणि त्यांचा रस बाकीच्या दहांवर.

पिकण्याची घाई म्हणून कुणी बॉक्समध्ये पुडी टाकायला सुचवलं तर हात जोडा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. व्यापाऱ्यांना परवानगी आहे ती रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायूची, तीही १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) मर्यादेत. घरच्या पेटीला त्याची काहीच गरज नाही.

अळी निघाली

फळमाशीने साल टोचून आत अंडी घातलेली. काढणीच्या वेळी सुईच्या टोकाएवढी खूण असते, सहज नजरेतून सुटते. मे महिन्याच्या मध्यानंतर, विशेषतः वळवाचा पाऊस पडून गेल्यावर, हे वाढतं. त्या आंब्यात पाणीही चढलेलं असतं, तो टिकत नाही. पहिला चांगला पाऊस झाला की पाठवणं बंद. घरी काय तो आमरस, आंबापोळी, मुरांबा करा.

आता भरणीबद्दल

वरचं वाचून काय काय टाळायचं ते लक्षात आलंच असेल, तेव्हा थोडक्यात. तळाला भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत दोन बोटं जाड, पण कडकडीत वाळलेलं. ओलसर पेंढा आत तापतो आणि बुरशी धरतो. तो कुबट वास आंब्याला लागला की जात नाही. पेंढा मिळत नसेल तर कागदाच्या कातरणाने तेवढंच काम होतं. प्रत्येक आंब्याला फोमची जाळी घाला. दिसायला बाजारू वाटते, पण घासण्याचे डाग तिने जवळजवळ बंद होतात. जाळी नसेल तर पातळ, कोरा कागद. वर्तमानपत्र नको, शाई सालीला लागते. आंबे आडवे, एकमेकांना टेकलेले, मधल्या फटी गवताने बुजवलेल्या. वर पुन्हा गवताचा थर, आणि झाकण सपाट.

खोक्याला भोकं हवीत. कच्चा आंबा श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो, आणि बंद खोक्यात ती कोंडते. बाजूच्या भिंतींवर, मधल्या उंचीवर, प्रत्येक लांब बाजूला तीन-चार बोटभर भोकं पुरतात. कोपऱ्याजवळ पाडू नका, तिथेच खोक्याची सगळी ताकद असते. आणि मग कुरिअरच्या काउंटरवरचा उत्साही माणूस "सेफ्टी"साठी सगळा खोका प्लास्टिकच्या फिल्मने गुंडाळायला जातो, तेव्हा त्याला तिथेच थांबवा. खोका एकदा गुंडाळला गेला की भोकं पाडली काय, न पाडली काय, सारखंच.

'नाजूक माल' असं मोठं लिहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. 'आंबे' हा शब्द मात्र बाहेरून लिहा. माझा अनुभव असा की लोक काच म्हटल्यावर जेवढं सांभाळतात त्याहून जास्त आंबा म्हटल्यावर सांभाळतात. चोरी होते का? क्वचित एखादा खोका हलका होतो. त्यासाठी खोक्याच्या पोटावर दोन्ही बाजूंनी पट्टी मारा आणि टेपवर सही करा.

खर्चाचं एक गणित. बहुतेक कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४० × ३० × १५ चा खोका असेल तर १८,००० भागिले ५०००, म्हणजे ३.६ किलो. डझनभर मध्यम हापूस खोक्यासकट साधारण तेवढेच भरतात, म्हणून हा आकार परवडतो. मोठा खोका घेऊन गवत भरलं तर गवताच्या वाहतुकीचे पैसे भराल. आणि पावतीच्या मागच्या अटी वाचा: नाशवंत मालाची भरपाई बहुतेक जण देत नाहीत.

कुठल्या वारी पाठवायचं

पेटीइतकाच वारही महत्त्वाचा, आणि तो फुकट निवडता येतो. सोमवारी किंवा मंगळवारी सोडा. शुक्रवारी दिलेली पेटी शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पत्र्याखाली बसते. १ मे ची सुट्टी लक्षात ठेवा. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे चार-पाच दिवस तर शक्यतो टाळाच. सगळ्या महाराष्ट्राला त्या दिवशी आमरस हवा असतो, कुरिअरच्या गोदामात पेट्यांची थप्पी छताला लागते आणि तुमची पेटी नेमकी तळाला असते. सणाला आंबा पोचायलाच हवा असेल तर दहा-बारा दिवस आधी पाठवा. तोवर पिकेलही.

निरोप

पेटीबरोबर निरोप गेला नाही तर वरची सगळी मेहनत फुकट. मी हा असा पाठवते, हवा तर उतरवून घ्या:

"ताई, आज पेटी टाकली, गुरुवारपर्यंत पोचेल. आंबे मुद्दाम कडक पाठवलेत. आल्या आल्या पेटी उघडा, सगळे आंबे बाहेर काढा, फुटका-बिटका असेल तर बाजूला करा. बाकीचे हवेशीर खोलीत जमिनीवर गवत किंवा गोणपाट पसरून एका थरात मांडा, वरून थोडं गवत टाका. फ्रिजमध्ये ठेवू नका. रोज एकदा हात फिरवा, पिकलेला उचला. रंग आला तरी थांबा. देठाजवळ वास आला आणि हलकं दाबल्यावर किंचित दबला की झाला. पिकल्यावर मग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चालेल. साल थोडी सुरकुतली तर घाबरू नका, तो गोड असतो."

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आढी घालायला जागा नसते असं म्हणतात. पलंगाखाली असते. ज्या खोलीत एसी चालतो तिथे मात्र नको.

लेक परदेशात आहे

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि उत्तर निराशेचं आहे. घरची पेटी कुरिअरने अमेरिकेला पाठवता येत नाही, बॅगेतूनही नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतात. कारण फळमाशी आणि बाठ्यातला भुंगा. अमेरिकेने १९८९ पासून भारतीय आंबा बंद ठेवला होता, तो २००७ मध्ये उघडला, आणि तोही विकिरण केलेल्या, म्हणजे कीड मारायला किरणांची प्रक्रिया केलेल्या फळासाठीच: किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), मान्यताप्राप्त केंद्रात. पहिले आंबे नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून गेले. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने मुळात कांद्यासाठी उभारलं होतं. युरोपीय संघाने फळमाशीच्याच कारणाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा बंद केला आणि २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा सुरू केला. यावरून तपासणी किती कडक असते ते कळेल.

तेव्हा तिथल्या परवानाधारक आयातदाराकडे इथून पैसे भरून मागणी नोंदवा. आंबा महाग पडतो. विकिरण केलेला आंबा थोडा सावकाश पिकतो, म्हणून लेकीला सांगा की घाई करू नकोस. 'देवगड' आणि 'रत्नागिरी' ही नावं परदेशात सर्रास कुठल्याही पेटीवर चिकटवतात. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं असून ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे. आयातदाराला बागायतदाराचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

हापूस सोडून बाकीची फळं

नागपूरची संत्री पाठवायला सगळ्यात सोपी. साल मार सोसते, फक्त एखादं बुरशीचं फळ आत जाऊ देऊ नका. घोलवडचा चिकू कडक असताना गेला तर चांगला पोचतो, हापूसचेच नियम. द्राक्षांचे घड लटकून गळतात, ते भरायला द्राक्षांचेच खास खोके आणि पिशव्या घ्या. स्ट्रॉबेरी, जांभळं, करवंदं कुरिअरने अजिबात नाही. सीताफळाचे डोळे उघडून भेगा पांढऱ्या-पिवळसर दिसू लागल्या की पक्व झालं, पण अजून कडक असतं. पाठवायचं तर त्याच दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी पोचेल अशाच गावाला. बोटाखाली दबायला लागलेलं सीताफळ खोक्यात भरू नका. त्याचा गर काढून गोठवा आणि कुणी प्रत्यक्ष जाणारं असेल तर डब्यातून द्या.